संघ मुंबईचा, पण आपला कंचा हाय?

प्रो कबड्डीचा बारावा हंगाम ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत संपला. दबंग दिल्लीने पुणेरी पलटणला ३१-२८ असे हरवले. फरक अवघा तीन गुणांचा. भातकापणीचे दिवस असूनही दापोडे, वळ, पूर्णा, काल्हेर, कशेळी या बाजूला रात्री ज्या घरांतून टीव्ही चालू होते, तिथे कोण हळहळले आणि कोण "बरं झालं" म्हणाले याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पण भिवंडी तालुक्यात पुण्याचा संघ हरला की निम्मी पब्लिक मनातून खूष असते, हे सांगायला पंचनाम्याची गरज नाही. आपला संघ म्हणजे यू मुंबा. तो त्या रात्री मैदानात नव्हताच. २०१६ नंतर तो अंतिम सामन्याच्या मैदानात कधीच नव्हता.

आमच्या नाक्यावर सामना बघताना एक म्हातारबाबा नेहमी एकच प्रश्न विचारतात, "मुंबैच्या टीमीन आपला कंचा हाय?" पोरे हसतात आणि कोणाचे तरी नाव सांगून मोकळी होतात. तो हरियाणाचा निघतो, उत्तर प्रदेशाचा निघतो, नाहीतर थेट इराणचा. म्हातारबाबा पुन्हा विचारतात. आम्हाला हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. ज्या पट्ट्यात भात कापून झाला की उघड्या शेतात हुतुतूचे डाव पडत, त्या पट्ट्याने मुंबईच्या संघाला किती गडी दिले आणि मुंबईच्या संघाने आपले किती गडी सांभाळले, या दोन्ही बाजूंचा हिशेब एकदा मांडायला हवा. आम्ही संघाचे चाहते आहोत, संघाच्या पगारावर नाही, म्हणून जे दिसले ते लिहितो.

लीग सुरू झाली २६ जुलै २०१४ रोजी, वरळीच्या एनएससीआय स्टेडियमवर. पहिलाच सामना यू मुंबाचा, आणि तो मुंबईने जयपूरविरुद्ध ४५-३१ असा मारला. (त्यानंतर सहाच दिवसांनी, १ ऑगस्टला आपल्या ठाणे जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन पालघर वेगळा झाला, म्हणून ती तारीख आमच्या लक्षात राहिली आहे.) त्या पहिल्या हंगामाला ४३ कोटींवर प्रेक्षक लाभल्याचे आकडे पुढे प्रसिद्ध झाले. शहरातल्यांना आश्चर्य वाटले. आपल्याकडे कोणाला वाटले नाही. ३१ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात त्याच जयपूरने मुंबईला ३५-२४ असे हरवले. २०१५ साली मुंबईने बंगळुरूला ३६-३० असे हरवून चषक उचलला. २०१६ च्या सुरुवातीला पुन्हा अंतिम फेरी, पुन्हा हार, पाटण्याकडून ३१-२८. तीन हंगामांत तीन अंतिम सामने! त्या काळात गावागावांत भगव्या रंगाच्या यू मुंबा जर्सी आल्या त्या उगीच नाही.

त्या संघाचा कप्तान अनुप कुमार. हा हरियाणाचा, गुडगाव बाजूचा, सीआरपीएफमध्ये शिपाई म्हणून लागलेला माणूस. आमच्या मते लीगमध्ये आजवर जे कप्तान झाले त्यांत याच्या तोडीचा दुसरा नाही. तो चढाईला गेला की घाई कशाची म्हणून नाही. समोर सहा-सात गडी असले तर बोनस काढायचा, कोपऱ्याचा पाय पुढे आला तर बोटाने शिवून परत यायचे, आणि काहीच मिळत नसेल तर तीस सेकंद घालवून रिकामे यायचे. रिकामी चढाई हीसुद्धा खेळी असते हे आपल्या पोरांना त्याने शिकवले. आपल्याकडचा गडी रिकाम्या हाताने परतला की लोक शिट्ट्या मारतात आणि तो पुढच्या चढाईत जिवावर उदार होऊन बाद होतो. २०१६ च्या ऑक्टोबरात अहमदाबादला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इराणने भारताची दमछाक केली होती, तेव्हाही हाच कप्तान होता आणि भारत ३८-२९ असा जिंकला. तेव्हा अनुप हरियाणाचा म्हणून आमची तक्रार मुळीच नाही. चांगला गडी कुठूनही आणावा. मुंबईची सगळी पिढीच बाहेरून आलेल्यांनी उभी केली आहे.

तक्रार आहे ती नंतरच्या कारभाराची.

मुरबाड तालुक्यात म्हसाच्या जत्रेला जो शेतकरी बैल घ्यायला जातो, तो दात बघतो, खांदा बघतो, चार पावले चालवून बघतो. आणि एकदा पारखून आणलेला बैल पहिल्याच हंगामात जोमाने ओढला, तर दुसऱ्या वर्षी त्याला बाजारात उभा करत नाही. यू मुंबाने नेमके हेच केले, आणि एकदा नव्हे. २०१८ च्या हंगामासाठी त्यांनी सिद्धार्थ देसाई याला ३६ लाख ४० हजारांना घेतले. पोरगा कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा, शेतकऱ्याच्या घरातला. उंचापुरा, ताकदीचा, मध्यरेषेकडे झेप घेतली की दोघेतिघे अंगावर घेऊन येणारा. पहिल्याच हंगामात त्याने चढाईत दोनशेच्या वर गुण आणले. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याचा पोर मुंबईच्या संघाचा मुख्य चढाईबहाद्दर, यापेक्षा आम्हाला दुसरे काय हवे होते? पुढच्या लिलावात त्याला हैदराबादच्या तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाखांना नेले. मुंबईने सोडून दिले.

यावर संघाची बाजू घेणारे सांगतात की पथकाच्या खर्चाला मर्यादा असते, सगळे पैसे एका गड्यावर लावता येत नाहीत. बरोबर आहे. असेही सांगतात की सिद्धार्थला नेऊन टायटन्सचे काही भले झाले नाही आणि पुढे तो दुखापतीत सापडला, तर इकडे मुंबई त्याच्याशिवाय २०१९ साली उपांत्य फेरीत गेली. हेही बरोबर आहे. पण मग अर्जुन देशवालचे काय? हाही मुंबईकडेच होता, २०१८ आणि २०१९ असे दोन हंगाम. २०२१ साली जयपूरने त्याला ९६ लाखांना घेतले आणि २०२२ च्या हंगामात त्याने लीगमध्ये सगळ्यांत जास्त चढाईचे गुण मिळवून जयपूरला चषक आणून दिला. त्याच्याही आधी रिशांक देवाडिगा. मुंबईचाच पोरगा, सुरुवातीचे हंगाम मुंबईसाठी खेळला, २०१७ साली उत्तर प्रदेशच्या संघात गेला. आणि जानेवारी २०१८ मध्ये याच रिशांकच्या कप्तानीखाली महाराष्ट्राने हैदराबादला सेनादलाला ३४-२९ असे हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. म्हणजे महाराष्ट्राचा कप्तान मुंबईच्या संघाला नको होता! एकदा चुकले तर बाजाराचा दोष म्हणू. तीनदा चुकले तर पारख कुठे तरी कमी पडते असे म्हणावे लागेल. चढाईचा गडी घडवावा आणि दुसऱ्याच्या दावणीला बांधावा, असा हा धंदा झाला.

किमतीचा विषय निघालाच आहे तर तोही सांगून टाकू. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग गडी होता राकेश कुमार, पाटण्याने त्याला १२ लाख ८० हजारांना घेतले. २०१८ साली मुंबईने इराणच्या फझल अत्राचलीसाठी १ कोटी मोजले आणि लीगमधला पहिला कोटीचा गडी तो ठरला. पैसे योग्य ठिकाणी लावले होते, कारण डाव्या कोपऱ्यात त्याच्यासारखा घोट्याला हात घालणारा विरळा. २०२३ साली टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. नऊ वर्षांत वीस पट! भाताचा हमीभाव या काळात किती पट वाढला हे शेतकऱ्यांना आम्ही सांगायला नको. पण पैशाकडे बघून पोरांनी हुरळून जाऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की सगळ्यांत खालच्या 'ड' गटातल्या खेळाडूची बोली त्या लिलावात ९ लाखांपासून सुरू झाली, आणि तिथवर पोहोचणारे पोर शेकड्यात एखादे. गुडघा गेला की तेही गेले. खेळाबरोबर नोकरी धरणाऱ्यालाच शहाणा म्हणायचे. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, रेल्वे आणि पेट्रोलियम कंपन्यांनी कबड्डीपटू पोसले आहेत, ते दार अजून उघडे आहे.

आता पुण्याबद्दल. मुंबईच्या चाहत्याला हे लिहिताना जीभ जरा अडते, पण खरे ते खरे. पहिल्या हंगामात तळाला राहिलेला हा संघ गेल्या काही वर्षांत आपल्या पोरांच्या जोरावर उभा राहिला. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला त्यांनी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिला चषक मिळवला. कप्तान होता अस्लम इनामदार, नगर जिल्ह्याचा, हलाखीच्या घरातून आलेला. पंकज मोहिते हा महाराष्ट्राचाच, त्याने अंतिम सामन्यात नऊ गुण घेतले आणि त्यातले चार तर एकाच चढाईत. चार गडी एका चढाईत! आकाश शिंदे नाशिककडचा. बचावात संकेत सावंत. अर्थात त्यांनीही इराणच्या मोहम्मदरेझा शादलूसाठी २ कोटी ३५ लाख मोजले होते, तेव्हा साधुसंतांचा संघ आहे असे नव्हे. पण बाहेरचा एखादा खांब आणि बाकी घर आपल्या लाकडाचे, ही पद्धत आम्हाला पटते. २०२३ च्या आशियाई खेळांत हांगझोला भारताने इराणला ३३-२९ असे हरवले त्या संघात अस्लम आणि आकाश दोघेही होते. नाक्यावरच्या म्हातारबाबांचा प्रश्न पुण्यात कोणी विचारला तर त्याला चार नावे तरी सांगता येतात.

आणि आपल्या जिल्ह्याचे नाव? आहे. कल्याणचा गिरीश इर्नाक. डावा कोपरा सांभाळणारा, अंगाने भरदार, एकदा मांडी हातात आली की सोडत नाही. २०१८ साली पुण्याचा कप्तान तो होता आणि त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई खेळांत भारताकडून खेळला. (तिथे उपांत्य सामन्यात इराणने आपल्याला २७-१८ असे हरवले, १९९० पासून सलग सात वेळा जिंकलेले सुवर्ण गेले. तो दिवस विसरायचा नाही.) दापोड्यापासून कल्याण काही लांब नाही. तेव्हा आपल्या मातीत गडी पिकत नाही ही सबब कोणी सांगू नये. गडी पिकतो. प्रश्न पुढचा आहे.

पुढचा प्रश्न मॅटचा. वरच्या सगळ्या स्पर्धा आता मॅटवर होतात आणि निवडीही तिथेच होतात. मातीवरचा आणि मॅटवरचा खेळ दिसायला एक, पण पायाला वेगळा. मातीत अनवाणी पाय थोडा घसरतो, त्या घसरण्यावर आपल्या पोरांची चाल बसलेली असते. मॅटवर बूट घालून पाय रुततो, झटक्यात वळता येते, आणि सवय नसलेल्याचा गुडघा तिथेच फिरतो. मातीत अंगावर उडी घेताना कोपर सोलते म्हणून बचावाचा गडी जपून असतो, मॅटवर तो बिनधास्त झेपावतो. वेग वाढतो. वर्षभर मातीत खेळलेले आपले पोर निवड चाचणीला थेट मॅटवर उतरते आणि पहिल्या पाच मिनिटांत पाहुण्यासारखे दिसते. निवड करणाऱ्याचा त्यात काय दोष? हरियाणात गावोगावी पोरे लहानपणापासून तालमीत येतात, मॅट बघतात, पुढे सेनादल, रेल्वे, पोलीस यांच्या संघांत जातात. तिथला बाप पोराला नोकरी लागेल म्हणून मैदानात पाठवतो. आपल्याकडचा बाप दहावीनंतर विचारतो, गोडाऊनला कधी लागतोस?

गोडाऊनचा विषय आपल्या पट्ट्यात टाळता येत नाही. मुंबईच्या जकातीबाहेरची जागा आणि नाशिक महामार्ग जवळ, म्हणून माणकोलीपासून दापोडे, गुंदवली, वळ, पूर्णा, राहनाळपर्यंत भाताच्या शेतांवर गाळे उभे राहिले. २०१७ साली जीएसटी आला, जकात गेली, पण गाळे वाढतच राहिले. आम्ही गोडाऊनच्या विरोधात नाही. भाताने जे दिले नाही ते भाड्याने दिले, घरे पक्की झाली, पोरी शिकल्या, हे नाकारणे लबाडी होईल. पण ज्या उघड्या शेतांत पौष-माघात मैदान आखले जाई ती शेते गेली. गुरचरणाच्या जागा आक्रसल्या. शाळेच्या पटांगणाला कंपाऊंड झाले आणि कंपाऊंडबाहेर कंटेनरची रांग. रात्री मैदान करायचे तर कुठे, हा साधा प्रश्न पोरांपुढे आहे.

इथे सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी जरा आकडा ऐकावा. पुरुषांचे कबड्डीचे मैदान १३ मीटर बाय १० मीटर असते. लॉबी त्यातच आली. १३० चौरस मीटर म्हणजे साधारण १,४०० चौरस फूट, म्हणजे सव्वा गुंठ्याहून किंचित जास्त. सभोवार दोन-दोन मीटर जागा सोडली तरी अडीच गुंठ्यांच्या आत काम भागते. बायकांचे मैदान १२ बाय ८ मीटरचे, ते त्यातच आखता येते. लाखो चौरस फूट गाळ्यांच्या हद्दीत अडीच गुंठे छपराखालची जागा सापडत नाही, असे कोणी ग्रामसभेत उभे राहून सांगून दाखवावे. ग्रामपंचायतीने नमुना ८ काढून हद्दीतल्या गाळ्यांची कर आकारणी वाचावी, थकबाकी वाचावी, आणि मग मॅटचे कोटेशन मागवून शेजारी ठेवावे. मॅटच्या जोडलेल्या चौकटी असतात, उचलून ठेवता येतात. समाजमंदिराच्या हॉलमध्ये लग्न असले तर गुंडाळून ठेवा, दुसऱ्या दिवशी पसरा. 'आमचं गाव, आमचा विकास' आराखड्यात गटार आणि पेव्हर ब्लॉक दरवर्षी येतात. एखाद्या वर्षी मॅट लिहायला काय हरकत आहे?

पैसा नाही असेही म्हणता येणार नाही. आपल्याकडे हळदीच्या एका रात्रीला डीजे, मंडप आणि जेवणावळ मिळून काय खर्च होतो हे सगळ्यांना माहीत आहे. हिवाळ्यात सरपंच चषक, आमदार चषक, कोणाच्या ना कोणाच्या स्मरणार्थ चषक चालतात. बक्षिसाला मोटारसायकल, बॅनरवर पन्नास फोटो, आणि मैदान मात्र दोन दिवसांपुरते. स्पर्धा संपली की माती परत ट्रकखाली. त्या बक्षिसांतली एक मोटारसायकल कमी केली तर मॅटच्या निम्म्या चौकटी येतील असा आमचा अंदाज आहे, चुकीचा असल्यास आयोजकांनी हिशेब दाखवावा.

गुरचरण आणि सार्वजनिक जागांवरच्या अतिक्रमणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात निकाल दिला आणि त्यावर आपल्या राज्य सरकारने १२ जुलै २०११ रोजी शासन निर्णय काढला. तलाठी भाऊसाहेबांकडे अतिक्रमणाची नोंद गाव नमुना १-ई मध्ये असते. गावात मोकळी जागा खरोखर उरलीच नाही की कोणी तरी तिच्यावर बसले आहे, हे त्या एका नमुन्यावरून कळते. मागायला कोणी जात नाही ही गोष्ट वेगळी. मागायला गेले तर नातेवाईकच निघतो, म्हणून जात नाहीत.

पोरींचे तर अजून अवघड. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोला भारताच्या मुलींनी चिनी तैपेईला २६-२५ असे एका गुणाने हरवले आणि त्या खेळांतले देशाचे शंभरावे पदक आणले. त्या संघात महाराष्ट्राच्या सोनाली शिंगटे आणि स्नेहल शिंदे होत्या. पण मुलींसाठी प्रो कबड्डीवाल्यांनी २०१६ साली तीन संघांची एक छोटी स्पर्धा घेतली, त्यात आपल्या अभिलाषा म्हात्रेकडे एका संघाचे नेतृत्व होते, आणि मग तो विषय बंद केला. मुलांसाठी बारा हंगाम, मुलींसाठी एक. आणि २०१८ साली जकार्ताला भारताच्या मुलींना अंतिम सामन्यात इराणने २७-२४ असे हरवले तेव्हा इराणच्या प्रशिक्षक कोण होत्या? नाशिकच्या शैलजा जैन. आपलेच शहाणपण तेहरानला जाऊन आपल्याला भारी पडले. लीगच्या मालकांनी मुलींवर पैसा लावला नाही तर तो त्यांचा धंद्याचा निर्णय आहे. गावाने मात्र संध्याकाळी सहा ते सात मॅट मुलींसाठी राखून ठेवली तर त्याला कोणाच्या लिलावाची गरज नाही.

क्रिकेटवाले म्हणतील आमचे काय. त्यांच्याकडे टेनिस बॉलच्या स्पर्धा आहेत, मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस बॉलची देशपातळीवरची लीगसुद्धा सुरू झाली. त्यांचे बरे चालले आहे. एकच उदाहरण देतो. शार्दूल ठाकूर पालघरचा, तेव्हा तो आपलाच जिल्हा होता. पहाटेची लोकल धरून मुंबईला खेळायला जाणारा हा पोर २०१५ साली आयपीएलमध्ये उतरला तो पंजाबकडून. पुढे पुणे, चेन्नई, दिल्ली, कोलकाता, लखनौ असे फिरून २०२६ च्या हंगामासाठी मुंबई इंडियन्सने त्याला घेतले. तोवर मुंबईने पाच चषक जिंकले होते, म्हणून त्यांना कोणी विचारत नाही. यू मुंबाला विचारावे लागते, कारण त्यांच्याकडे २०१५ चा एकच आहे.

आणखी एक गाऱ्हाणे लीगकडे. २०२५ च्या हंगामाचे सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत झाले. मुंबईत एक नाही, पुण्यात एक नाही. ज्या महाराष्ट्रात १५ जुलै हा बुवा साळवींचा जन्मदिवस कबड्डी दिन म्हणून पाळतात, जिथल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनला जाऊन हा खेळ जगाला दाखवला, तिथे दोन संघ असून एक सामना नाही! पूर्वी भिवंडीहून पोरे वरळीला जात, रात्रीची शेवटची गाडी चुकली तर स्टेशनवर झोपत. आता संघ मुंबईचा आणि बघायचा टीव्हीवर.

शेवटी पावसाचे. लीगचा पहिला हंगाम जुलै-ऑगस्टात झाला, बारावा २९ ऑगस्ट ते ३१ ऑक्टोबर. म्हणजे खेळाडूंची तयारी आणि शिबिरे उन्हाळ्यापासून भर पावसापर्यंत चालतात. आपल्याकडे आषाढ लागला की माती चिखल होते आणि दसऱ्यापर्यंत मैदान नाही. ज्या चार महिन्यांत बाकीची पोरे घाम गाळतात त्या चार महिन्यांत आपली पोरे लावणी करतात नाहीतर माल भरतात. म्हणून छप्पर. जमीन आपल्याच माणसाची, गाळाही बहुतेक आपल्याच माणसाचा. गाळेमालकाने भाडेकरूशी करार करताना एक कोपरा पावसाळ्यापुरता गावच्या पोरांना सोडला, किंवा ग्रामपंचायतीने समाजमंदिर रात्री आठ ते दहा खुले ठेवले, तरी पुरे.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेला विषय लेखी द्यावा, तोंडी दिलेला इतिवृत्तात येत नाही. अर्जासोबत जागेचे माप जोडावे. मोजायला पंधरा मीटरची टेप नेऊ नये, ती कमी पडते. मैदान काटकोनात बसले की नाही हे पाहायला कर्ण मोजावा लागतो, आणि १३ बाय १० चा कर्ण १६ मीटर ४० सेंटिमीटर भरतो.